नांदूरमधमेश्वर : बंधारा गाळाने भरला म्हणून पक्षी आले, आता गाळ काढायचा की ठेवायचा?

निफाड : जानेवारीतली पहाट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याचे आकडे गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागलेले असतात. मणी तडकायला नको म्हणून द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून बसलेले असतात. आणि नेमक्या याच वेळेला मफलर, कानटोपी, गळ्यात दुर्बीण अशा थाटातली शहरातली माणसं चापडगावच्या फाटकापाशी गाड्या लावून उतरत असतात. आपल्या लोकांना याचं अजूनही नवल वाटतं. एवढ्या थंडीत पाखरं बघायला कोण येतं?

पण येतात. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर असलेलं नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये त्याचं नाव रामसरच्या यादीत आल्याचं जाहीर झालं. रामसर म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी. महाराष्ट्रातली या यादीत बसलेली ही पहिली जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, असं इथं प्रत्येक जण सांगतो.

एवढं मोठं नाव असूनही तालुक्यातल्या बऱ्याच माणसांनी ही जागा आतून पाहिलेली नाही. रस्त्याने जाता-येता बंधारा दिसतो, पावसाळ्यात किती क्युसेक सोडले ते बातमीत कळतं, तेवढ्यावर विषय संपतो. म्हणून ही फेरी. चढ नाही, दगडधोंडे नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही हळूहळू जमेल अशी सपाट वाट आहे.

पाण्याच्या आधी माळ

फाटकातून आत गेल्यावर बहुतेक जण तरातरा मनोऱ्याकडे निघतात. पाणी कुठंय, रोहित आलेत का, हेच त्यांचे पहिले दोन प्रश्न. सोबतचा गाईड गावातलाच पोरगा असतो. तो म्हणतो, "काका, घाई करू नका, आधी इथं थांबा." त्याचं ऐकावं.

पाण्याच्या अलीकडे गवताचा, बाभळी-बोरींचा पट्टा लागतो. दिसायला पडीक रान. शेतकऱ्याची नजर इथं पहिलं हेच म्हणणार, की एवढी जमीन रिकामी का ठेवली? तारेवर खाटीक बसलेला असतो, वेडा राघू उडता किडा धरून परत त्याच फांदीवर येतो, वाटेवर धोबी शेपूट हलवत पुढे पळतो. आणि गवताच्या शेंड्यांवरून अगदी हातभर उंचीने एक मोठा पक्षी तरंगत जातो. पंख वर उचललेले, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलत. शंभरातले नव्वद जण म्हणतात, घार. ती घार नसते. तो भोवत्या. घार उंचावर घिरट्या घालते, भोवत्या गवताला खेटून फिरतो. मध्य आशियाकडून तो दर हिवाळ्यात इकडे येतो आणि नाकतोडे, टोळ, उंदीर खाऊन राहतो. म्हणजे आपलाच गडी, बिनपगारी.

या भोवत्याची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. तो रात्री झाडावर झोपत नाही, गवतातच जमिनीवर उतरतो. संध्याकाळी एकेक करून गवतात शिरतात आणि सकाळी उन्हाबरोबर उठतात. त्यामुळे गवत पेटवून दिलं किंवा मुळापर्यंत चारलं, तर याचं घर गेलं. आपल्या भाषेत त्या जमिनीला पडीक म्हणतात. सात-बाऱ्यावर तिचा आकार शून्याच्या जवळ असतो. पण भोवत्यासाठी हजारो किलोमीटरच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम तोच.

पाय आणि पाणी यांचा हिशोब

पुढे जमीन काळी आणि ओली होत जाते. लव्हाळा लागतो, पाणकणीस लागतं, मग मनोरा. वर चढून पहिल्यांदा बघणाऱ्याला समोर नुसता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पसारा दिसतो. दुर्बीण लावली की ठिपक्यांची पाखरं होतात, आणि थोडा वेळ गेला की लक्षात येतं, ही पाखरं कुठंही बसलेली नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ती पाण्याच्या खोलीने ठरवलेली आहे.

अगदी कडेला, जिथं चिखल आहे पण पाणी नाही, तिथं टिटव्या, चिखल्या आणि तुतवार. चोच आखूड, पाय आखूड, वरवरचे किडे टिपायचे. त्याच्या पुढे घोट्याइतक्या पाण्यात शेकाट्या, म्हणजे लालसर लांब काड्यांवर चालणारा काळा-पांढरा पक्षी. आणखी आत चमचे आणि करकोचे. चमच्याची चोच नावाप्रमाणेच पुढे चपटी-गोल. ती पाण्यात अर्धवट उघडी धरून तो डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो आणि काही लागलं की मिटतो. उघड्या चोचीच्या करकोच्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. त्याचं मुख्य खाणं पाण्यातल्या गोगलगायी, आणि गोगलगाय शंखातून काढायला ही चोच कामाची.

त्याही पुढे बदकं. तलवार, थापट्या, गडवाल, भुवई बदक ही पाहुणी बदकं बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून चोच तळापर्यंत पोचवतात. म्हणजे मान जेवढी पुरेल तेवढंच पाणी त्यांना चालतं. पाणी हातभर वाढलं की खाणं चोचीच्या खाली जातं आणि थवा उठतो. बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकली मात्र खोल पाण्यात मजेत असतात.

काही नावं आपल्या माणसांनी किती नेमकी ठेवली आहेत तेही इथं कळतं. एका बदकाची काळी चोच टोकाला पिवळी आणि कपाळाशी लाल ठिपका. त्याचं नाव हळदी-कुंकू. काळा अंगरखा आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा असलेला, थव्याथव्याने जाणारा तो वारकरी. वारकऱ्याला उडायचं झालं की तो आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो. शाळेच्या सहली आल्या की पोरं सर्वात जास्त यालाच हसतात.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काही वर्षी येतात, काही वर्षी नाही. फोटोसाठी आलेल्या माणसाची त्यावरून निराशा होते. पण रोहित आले नाहीत म्हणजे अभयारण्य रिकामं, असा अर्थ काढू नये. तो पक्षी उथळ पाणी आणि त्यातलं बारीक खाणं शोधत मुलूखभर फिरतो. जिथं जमलं तिथं उतरतो.

मुळात हे पाणी उथळ झालं कसं?

आता खरा मुद्दा. ही जागा नैसर्गिक तळं नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, शंभर वर्षांपूर्वी दगडी बंधारा बांधला गेला. तो पक्ष्यांसाठी नव्हता, पाटाच्या पाण्यासाठी होता. इथून निघालेल्या गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांनी निफाडपासून पुढे कोपरगाव, राहात्यापर्यंतचा कोरडा पट्टा भिजवला. त्या भागातले ऊस, साखर कारखाने आणि सहकार या पाण्यावर उभे राहिले, असं म्हटलं तरी चुकीचं नाही.

पण बंधारा पाणी अडवतो तसा गाळही अडवतो. त्र्यंबकच्या डोंगरातून येणारी गोदावरी, तिला वरच मिळणारी दारणा आणि दिंडोरीकडून येणारी कादवा, तिघींनी दर पावसाळ्यात माती आणली. पाण्याचा वेग बंधाऱ्यापाशी मंदावला की माती खाली बसते. शंभर वर्षं ती बसत राहिली. जिल्ह्याच्या धरणसाठ्याच्या रोजच्या तक्त्यात गंगापूरची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट लिहिलेली असते आणि नांदूरमधमेश्वरची फक्त २५७. पसारा बघितला तर विश्वास बसत नाही. पाणी लांबवर दिसतं, पण खोली नाही.

पाटबंधाऱ्याच्या हिशोबाने हे नुकसान. पक्ष्यांच्या हिशोबाने हेच ताट. गाळ सपाट पसरला, त्यावर उथळ पाणी, पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं म्हणून पाणवनस्पती, वनस्पतींवर किडे, गोगलगायी, मासोळ्या. मध्येमध्ये गाळाची बेटं तयार झाली, त्यावर झाडं आली, झाडांवर घरटी आली. बंधारा कोरा करकरीत, खोल आणि काठोकाठ भरलेला राहिला असता, तर आज इथं चार पाणकावळे दिसले असते. रामसरच्या नोंदीत या जागेवर वनस्पतींपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्या मिळून ५३६ प्रजाती दाखवल्या आहेत. त्यातला मोठा भाग या गाळाची देणगी आहे.

त्यात पाण्याच्या आवर्तनाचाही हात आहे. कालव्याला आवर्तन सुटलं की फुगवटा उतरतो आणि काठाचा नवा चिखल उघडा पडतो. चिखल्या-तुतवारांना त्या दिवशी पंगत. उलटही होतं. दुष्काळी वर्षात समन्यायी वाटपाच्या नियमानुसार वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडतात, जसं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलं. त्यातलं गोदावरीतून येणारं पाणी याच बंधाऱ्यावरून पुढे जातं. नोव्हेंबर म्हणजे पाहुण्यांच्या उतरण्याचा महिना. तेव्हा पातळी अचानक वाढली की काठाची जागा बुडते आणि थवे दुसरीकडे सरकतात. पाण्याचा वाद मराठवाडा विरुद्ध नाशिक-नगर असा आपण ऐकतो. त्यात हा तिसरा पक्षकार कुणी धरत नाही.

सायखेड्याची बाजू

इथपर्यंत वाचून सायखेडा-चांदोरीचा माणूस चिडेल, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची ही गावं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दुकानांत पाणी, घरांत पाणी, जनावरं सोडवायला रात्री धावपळ. नदीचं पोट गाळाने भरलं की तेवढंच पाणी जास्त उंचीने वाहतं, आणि खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा मागे येतो. त्यात सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात, पुलाचाच बांध होतो. म्हणून दर पुरानंतर मागणी येते, गाळ काढा. ज्याच्या ओट्यावर पाणी चढलं त्याला थापट्या आणि तलवार बदकाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

मात्र गाळ म्हणजे सगळीकडचा एकच गाळ नव्हे. नदीच्या मधल्या धारेत साचलेला गाळ पुराचं पाणी अडवतो. काठाला पसरलेला उथळ गाळ पाखरं पोसतो. पूर येतो तेव्हा काठावरच्या पसाऱ्यावर पाणी पसरायला जागा मिळते, आणि जेवढं तिथं पसरतं तेवढा पुढचा जोर कमी होतो. हा पाणथळ पट्टा पुराचा धक्का झेलतो असं रामसरच्या नोंदीतही म्हटलंय. तेव्हा पोकलेन लावून सरसकट खरवडणं हा उपाय दोघांच्याही कामाचा नाही. मधली धार मोकळी करायची आणि काठ तसाच ठेवायचा, एवढं तरी दोन्ही बाजूंनी टेबलावर घेता येईल. अभयारण्यात असं काम करायचं तर वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागते. ती अडचण म्हणून सांगितली जाते, पण काम कुठं आणि किती हे ठरवून घेण्याची सक्तीही त्यातूनच होते.

काठच्या शेतकऱ्याची वेगळी कुरकुर आहे. गव्हात पाणकोंबड्या उतरतात, कोंब खुडतात. उसात बिबट्या. निफाडच्या माणसाला बिबट्या काही नवा नाही, पण रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जायचं कोणी, हा प्रश्न घरोघर आहे. पाखरांचं नाव जगात झालं, आम्हाला काय मिळालं, हे वाक्य इथल्या पारावर सहज ऐकू येतं. चापडगाव, खाणगाव थडी या गावांतल्या काही पोरांना गाईड म्हणून काम मिळालं, दुर्बीण भाड्याने देणं, चहा-नाश्ता, जेवणाची ऑर्डर असं थोडं चालू झालं. पण ते हिवाळ्यापुरतं, आणि मोजक्या घरांपुरतं. हे कबूल केलं पाहिजे.

पाणवेली कुठून येतात?

मनोऱ्यावरून एका बाजूला पाणी हिरवं दिसतं. लांबून हिरवळ वाटते, ती पाणवेल, म्हणजे जलपर्णी. हिचा बंदोबस्त का होत नाही, असं सगळे विचारतात. वेल काढायला मजूर लागतात, यंत्र लागतं, ते काही वेळा येतंही. पण तिचं खत चालूच राहतं. वरून शहरांचं सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारं युरिया-डीएपी नदीत उतरतं. नत्र आणि स्फुरद आयतं मिळालं की ही वेल थोड्याच दिवसांत दुप्पट होते. पाणी झाकलं की ऊन खाली जात नाही, खालच्या वनस्पती मरतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात. बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही.

जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी मात्र त्यावर आरामात चालतात. कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब की पानावर वजन पसरतं आणि तो बुडत नाही. म्हणून फोटोत पाणवेलीवर भरपूर पक्षी दिसतात आणि लोकांना वाटतं, चांगलंच आहे की. दोन-तीन जातींचं चांगलं, बाकीच्यांची हकालपट्टी.

जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ. डिसेंबर-जानेवारी सर्वात चांगला. सकाळी उजाडताना फाटकावर असावं, दहा-साडेदहा वाजले की उन्हाने हवा थरथरते, दुर्बिणीत काही धड दिसत नाही आणि पाखरंही पंखात मान घालून बसतात. रविवारी गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जावं. लाल-पांढरे कपडे टाळावेत. मोबाइलवर गाणी लावणाऱ्यांना गाईड आधी "दादा, जरा बंद करा" म्हणतो, दुसऱ्यांदा जरा वेगळ्या आवाजात म्हणतो.

फोटोच्या नादात पाण्याकडे उतरू नये. वरून सुकलेला दिसणारा गाळ पायाखाली मांडीपर्यंत जातो, आणि तिथून माणूस ओढून काढणं सोपं नसतं. गावातलं जनावरही तिकडे जात नाही.

गाईड घ्यावा. पैसे गावात राहतात हे एक, आणि त्याशिवाय समोरच्या पाच हजार ठिपक्यांमधला वेगळा ठिपका आपल्याला सापडत नाही हे दुसरं. परत निघताना बंधाऱ्याच्या भिंतीकडून चक्कर मारली तर दरवाज्यांखालच्या वाहत्या पाण्यात नदी सुरय मासे टिपताना दिसतो. भिंतीच्या एका बाजूला शंभर वर्षांचा गाळ आणि दुसऱ्या बाजूला उघडा खडक, हा फरक तिथं उभं राहिलं की नकाशाशिवाय कळतो.